जादूची किंमत पडद्यावर उरते का?

एखाद्या आवडत्या अद्भुतरम्य कादंबरीवर चित्रपट येणार अशी घोषणा झाली, की तिच्या वाचकांमध्ये आनंद आणि धास्ती एकदमच पसरते. आधी पात्रनिवडीवरून वाद होतात, मग काय काय गाळले जाणार याचे अंदाज बांधले जातात, आणि ट्रेलर येताच तलवारीच्या मुठीपासून ड्रॅगनच्या पंखांपर्यंत सगळ्याची चिरफाड सुरू होते. या चर्चांमध्ये मीही हिरिरीने भाग घेते. मात्र अशी बरीच रूपांतरे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, गाळलेल्या प्रसंगांवरून चित्रपट जोखण्यात फारसा अर्थ नसतो. त्या जगात जादूसाठी, सत्तेसाठी किंवा इच्छेसाठी जी किंमत मोजावी लागते, ती पडद्यावर शिल्लक राहिली आहे का, एवढे मी पाहते.

मिखाएल एंडे यांच्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'चे जे झाले, ते या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. १९७९ च्या मूळ जर्मन कादंबरीत बास्टियान नावाचा मुलगा पुस्तकातल्या जगात शिरतो आणि तिथे त्याच्या मनातल्या इच्छा एकामागून एक पुऱ्या होऊ लागतात. पण प्रत्येक इच्छेबरोबर त्याच्या मूळ जगाची एकेक आठवण पुसली जाते. देखणा, बलवान, शूर होता होता तो आपण कोण होतो हेच विसरत जातो, आणि अखेरीस स्वतःचे नावही त्याच्यापाशी उरत नाही. कादंबरीचा जवळजवळ अर्धा भाग या घसरणीचा आणि त्यातून परतण्याचा आहे. वोल्फगांग पीटरसन यांचा १९८४ चा चित्रपट नेमका या भागाच्या उंबरठ्यावर थांबतो, आणि थांबताना बास्टियानला ड्रॅगनच्या पाठीवर बसवून, त्याला छळणाऱ्या पोरांच्या मागे सोडतो. पाहायला मजा येते, यात शंका नाही. पण इच्छा फुकट मिळाली, की एंडे यांनी सांगितलेली गोष्ट उरतच नाही. त्यांनी सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून आपले नाव काढायला लावले, ते न्यायालयातही गेले आणि खटला हरले. लेखकाचा हेकेखोरपणा म्हणून हे सोडून देणे मला तरी जमत नाही.

'द गोल्डन कंपास'च्या बाबतीत तर किंमत मोजण्याचा भाग चित्रित होऊनही शेवटी वापरला गेला नाही. फिलिप पुलमन यांच्या कादंबरीच्या अखेरीस तिची छोटी नायिका लायरा आपल्या मित्राला वाचवून, मोठ्या विश्वासाने वडिलांपर्यंत घेऊन जाते, आणि तेच वडील दुसऱ्या जगाचा मार्ग उघडण्यासाठी त्या मुलाचा जीव घेतात. २००७ चा चित्रपट त्याआधीच, लायरा हवाई जहाजातून आशेने वडिलांकडे निघालेली असताना संपतो. प्रेक्षकाला जड मनाने घरी पाठवायचे नाही, असा हिशेब त्यामागे असावा. पुढचे भाग कधी निघालेच नाहीत, त्यामुळे लायरा त्या हवाई जहाजातच राहिली. २०१९ मध्ये आलेल्या मालिकेने मात्र पहिला हंगाम त्या विश्वासघातावरच आणून संपवला.

उलट, मोठा बदल करूनही मूळ भीती जपता येते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटांमधून टॉम बॉम्बाडिल हे गूढ, आनंदी पात्र गाळले गेले याची हळहळ अजूनही ऐकू येते, पण चाहत्यांचा खरा राग आहे तो फारामिरवरून. नायक फ्रोडोकडे असलेली, माणसाला सत्तेचा मोह घालणारी अंगठी त्याच्या हाती येऊ शकत असते; कादंबरीत तो, ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही असे म्हणतो आणि त्या शब्दाला जागतो; २००२ च्या चित्रपटात मात्र तो फ्रोडोला ऑस्गिलिअथ या उद्ध्वस्त शहरापर्यंत ओढत नेतो. पीटर जॅक्सन आणि त्यांच्या सहलेखिकांचे म्हणणे असे होते की, अंगठी भल्याभल्यांना नासवते हे प्रेक्षकाच्या मनावर इतका वेळ बिंबवल्यावर एकाने तिला सहज नाकारले, तर तिची दहशतच संपेल. कादंबरीतला फारामिर मला आजही जास्त प्रिय आहे. तरीही हा बदल अंगठीचा धाक टिकवण्यासाठी केलेला आहे, आणि म्हणून त्याच्याशी वाद घालावासा वाटतो, तो धुडकावून लावावासा वाटत नाही. बॉम्बाडिलवर तर अंगठीचा काहीच परिणाम होत नाही. त्याच तर्काने त्याची अनुपस्थितीही मला फारशी सलत नाही.

पात्रांच्या केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून होणारे बहुतेक वाद मी सोडून देते. 'अर्थसी' या कादंबरीमालिकेची गोष्ट वेगळी आहे. उर्सुला ली ग्विन यांनी आपला नायक जाणीवपूर्वक तांबूस-तपकिरी वर्णाचा रंगवला होता. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला गोरा करून टाकल्यावर त्यांनी जाहीर निषेध केला, आणि तो रास्तच होता.

आता चाहत्यांची आशा लांबलचक मालिकांवर आहे, कारण तास वाढले की काही गाळावे लागणार नाही असे वाटते. 'द हॉबिट' या आटोपशीर पुस्तकाचे तीन चित्रपट आणि जवळपास आठ तास झाल्यानंतरही हा भरवसा टिकून आहे, याचे मला नवल वाटते.

हॅरी पॉटरवर नवी मालिका करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो २००४ चा तिसरा चित्रपट. तो मला आठही चित्रपटांत सर्वांत आवडतो, पण जादूचा नकाशा बनवणारे चौघे कोण होते हे त्यात कुणीच सांगत नाही. त्या चौघांत हॅरीचे वडील होते, आणि लांडगामानव झालेल्या मित्राला सोबत करता यावी म्हणून ते चोरून हरणाचे रूप घ्यायला शिकले होते. हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला तळ्याकाठी हॅरीच्या कांडीतून निघालेले पांढरे हरीण सुंदर दिसते, पण ते हरीणच का, हे कळत नाही. त्यासाठी दोन वाक्ये पुरली असती. नव्या मालिकेत मी त्या दोन वाक्यांची वाट पाहणार आहे. आठही चित्रपटांत न दिसलेला, पुस्तकांतला खोडकर भूत पीव्ज आला तर उत्तमच, पण त्याच्यावाचून माझे काही अडलेले नाही.