केनियाला जाण्याआधी यलो फीवरची लस: माझा अनुभव

केनियाचं विमान, तिथला ई-टीए (देशात शिरायची ऑनलाइन परवानगी), मसाई मारातला कॅम्प, सगळं नाशकात घरी बसून झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते यलो फीवरच्या, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या लसीपाशी. खरं तर लसीपाशी नाही, ती देणाऱ्या केंद्राच्या खिडकीपाशी. अजूनही आठवलं की संताप येतो, म्हणून सविस्तर लिहिते. आईवडिलांना घेऊन आफ्रिकेत निघालेल्या कुणाचा तरी हेलपाटा वाचेल.

आधी हे लक्षात घ्या की ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, तरच लस घेतल्याचा पुरावा म्हणून पिवळं कार्ड मिळतं. आपण भारतातून थेट जातो तेव्हा खरी तपासणी होते ती परत येताना, आपल्याच विमानतळावर. यलो फीवर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे, डेंगीवाला तोच. एक आजारी माणूस आत आला तर पुढचं काम डास करतील. म्हणून कार्ड नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हा कडकपणा मला शंभर टक्के पटतो. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच.

ऑनलाइन नोंदणी केली, मुंबईच्या केंद्राची तारीख मिळाली. लस रोज देत नाहीत, ठरलेल्या वारीच देतात. आदल्या रात्री मी, आई आणि माझा मुलगा दादरला आत्याकडे मुक्कामाला गेलो. सकाळी रांगेत उभे राहिलो. मूळ पासपोर्ट, झेरॉक्स, नोंदणीची प्रिंट, आईच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी, आमच्या फॅमिली डॉक्टरांचं 'प्रकृती ठीक आहे' असं पत्र, सगळं फाइलमध्ये लावलेलं. माझे आणि मुलाचे कागद दोन मिनिटांत झाले. आईचा पासपोर्ट उघडला, जन्मसाल बघितलं आणि खिडकीतल्या बाईंनी फाइल परत सरकवली. "साठच्या वर आहेत. एमडी फिजिशियनचं पत्र आणा. त्यात यलो फीवरची लस द्यायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. हे चालणार नाही."

मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? नोंदणी करताना वय भरलं होतं, तेव्हा का नाही सांगितलं? बाहेरच्या फलकावर फीचे 300 रुपये लिहिलेत, पासपोर्ट आणा लिहिलंय, हे एक वाक्य का नाही? आठवडाभर फोन करत होते, एकदाही उचलला नाही. उत्तर आलं, "सगळ्यांना माहीत असतं, मॅडम." मागून एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्या वयात कशाला नेता?" आई तिथेच उभी होती. तिने मान वळवून घेतली. ते वाक्य मला खिडकीपेक्षा जास्त लागलं.

आत्याने ओळखीच्या फिजिशियनला फोन लावला. टॅक्सी करून धावत गेलो. त्यांनी आईला नीट तपासलं, पत्र लिहून दिलं, खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. परत आलो तर खिडकी बंद. आतल्या परिचारिकेने मात्र शांतपणे सांगितलं की एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, ती एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. म्हणून तेवढी माणसं जमल्याशिवाय नवी कुपी फोडत नाहीत. हे कारण कुणालाही पटेल. मग हेच सकाळी खिडकीत सांगायला काय हरकत होती? आईसाठी पुढच्या वारी पुन्हा मुंबई.

दुसऱ्या खेपेला आतल्या डॉक्टरांनी तिला जे विचारलं ते ऐकून माझा राग थोडा निवळला. अंड्याची ॲलर्जी आहे का, स्टेरॉइड चालू आहे का, कॅन्सरचे उपचार झालेत का, थायमस ग्रंथीचा काही आजार? ही जिवंत विषाणूची लस आहे, दुबळा केलेला असला तरी जिवंतच. साठीनंतर पहिल्यांदा घेतली तर क्वचित पण गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणजे नियम आईच्या भल्याचाच होता. तो आधी सांगितला असता तर तिला दोनदा कसारा घाट उतरावा लागला नसता.

लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी आईचा दंड दुखला, थोडी कणकण आली, एवढंच.

कार्ड हातात पडलं की तिथल्या तिथे तपासा: पासपोर्ट क्रमांक, नावाचं स्पेलिंग, बॅच नंबर, शिक्का. आमच्या पुढच्या माणसाच्या कार्डावर एक आकडा चुकला होता, त्याने लगेच बदलून घेतला. कार्ड लसीनंतर 10 दिवसांनी ग्राह्य होतं. काही एजंट सांगतात, परतीपर्यंत दहा दिवस भरले की झालं. ऐकू नका. संरक्षण तयार व्हायलाही तेवढेच दिवस लागतात, तेव्हा निघण्याआधीच भरू द्या. 2016 पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, त्यामुळे पासपोर्टच्या कव्हरातच ठेवा.

मलेरियाचं वेगळं बघावं लागतं, त्याला ही लस उपयोगी नाही. आम्हाला डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं होतं. ते भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं. त्याने उन्हात कातडी लवकर भाजते, टोपी आणि सनस्क्रीन हवंच. लहान मुलांना ही गोळी देत नाहीत, त्यामुळे मुलासाठी वेगळं औषध लिहून घेतलं.

कपड्यांचं राहिलंच. गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्से त्से माशी त्या रंगांवर येते आणि चावते कडाडून. खाकी, फिका हिरवा, पूर्ण बाह्यांचे शर्ट. एडिस दिवसा चावतो, म्हणून डासांचं मलम सकाळी जीपमध्ये बसण्याआधी लावायचं, फक्त रात्री नाही. पाणी सीलबंद बाटलीचं, दात घासायलाही तेच. बर्फ आणि कापून ठेवलेली फळं आम्ही टाळली. ओआरएसची पाकिटं नेली होती, ती तशीच परत आली.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य विभागाचं टेबल आहे. तिथे आईने स्वतः पुढे होऊन कार्ड दाखवलं. अधिकाऱ्याने तारीख बघितली, शिक्का बघितला आणि "जा आजी" म्हणाला. मला फार बरं वाटलं.

आणखी एक, दुसरी एखादी जिवंत लस घ्यायची असेल, उदाहरणार्थ मुलांची एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची), तर डॉक्टरांना आधी विचारा. दोन्ही एकाच दिवशी घेतात, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. म्हणजे तिकीट काढलं त्याच आठवड्यात केंद्राची तारीख बघायला घ्या, आणि घरात साठीपुढचं कुणी असेल तर फिजिशियनचं पत्र आधी.