मधला आवाज

परवा दुपारी अडीचच्या सुमाराला मला एकदम जाग आली. कुणी हाक मारली नव्हती, दार वाजलं नव्हतं. करंट गेला होता, एवढंच. पंखा थांबला आणि मी उठून बसले.

लग्न होऊन टिळकवाडीत आले त्याला 26 वर्षं झाली, तरी ही खोड गेली नाही. लोकांची झोप आवाजानं मोडते, माझी आवाज थांबला की मोडते. डिसेंबरात, बेळगावच्या त्या थंडीत, दोन रजया अंगावर घेऊन मी पंखा एकवर लावून झोपते. ह्यांनी पहिली दोन वर्षं वाद घातला. मग गपचूप स्वतःसाठी तिसरी रजई आणली.

माहेरी घर म्हणजे पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर आणि मधल्या सगळ्या जागेत साड्या विणायचे, करंटवर चालणारे चार माग. खोल्यांत माग नव्हते, मागांच्या कडेकडेनं आम्ही होतो. आडवं सूत घेऊन धावणारा धोटा मिनिटाला शंभराच्या वर खेपा मारतो. आमचे चार, पलीकडच्या काकूंचे सहा, समोर दोन. 'खटाखट' वगैरे शब्द बाहेरून ऐकणाऱ्यांचे. आत राहणाऱ्याला तो आवाज कौलांवरच्या आषाढातल्या झडीसारखा, असतो आणि नसतो. पाळण्यातली पोरं त्यात गाढ झोपायची. करंट गेला रे गेला की गल्लीतली सगळी तान्ही पोरं एकदम रडत उठायची आणि बायका हातातली सुताची कांडी टाकून पाळण्याकडं धावायच्या. कुणाच्या घरी बाळ आहे ते कळायला बारशाचं आमंत्रण लागायचं नाही.

धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायचं काम आमचं, पोरींचं. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि रहाटावर बसायचं. त्या आठवड्यात मागावर जो रंग चढलेला असेल, तोच नाकात. मोरपिशी साड्या असल्या की शेंबूड मोरपिशी, राणी कलर असला की राणी. वर्गात आमच्या बाई रुमाल बघून विचारायच्या, "काय गं, या वेळी डाळिंबी काय?" बाईंनी त्यातलीच एक साडी घेतली होती पुढं. कुणाच्या नाकातली, ते मी सांगत नाही.

तर, त्या आवाजात बोलायचं कसं? दोनच रीती. एक, नरड्याच्या शिरा फुगवून ओरडायचं. दुसरी, आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. बोटांच्याही खुणा होत्या. अंगठा ओठाला म्हणजे चहा, आडवा तळवा कपाळावर म्हणजे टोपीवाले सावकार आलेत, सुताचा हिशेब तयार ठेवा. या दोहोंच्या मधला जो आवाज असतो, चारचौघांचा, सोफ्यावर बसून बोलायचा, तो आम्हाला कुणी शिकवलाच नाही. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "अगं, मी इथंच आहे." मी नुसतं मीठ मागितलेलं असायचं.

गेल्या महिन्यात सहा मागवाल्या काकूंचा बारावा होता. त्यानिमित्त गल्ली सोडून गेलेली सगळी मंडळी आली. कुणी भोसरीहून, कुणी वास्कोहून, एक जण इचलकरंजीहून (तो मागावरून उठला तो मागावरच जाऊन बसला, वहिफणीचं, म्हणजे फणीतून धागे ओवायचं काम करतो), बाकीचे उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून रिटायर होऊन अनगोळला घर बांधलेले. जेवायला वेळ होता. मग आठवणी निघाल्या, आणि आठवणी निघाल्या म्हणजे भांडण निघालं. आपली गल्ली शहापुरात की वडगावात?

"पत्रावर शहापूर लिहायचं की रे!"

"लिहायचं, खरं मंगाईच्या यात्रेला आपण वडगावचेच न्हवं? कोंबडीची पिल्ली उडवायला काय शहापूरचे म्हणून गेलास?"

"आणि गणपतीला? तवा वर्गणी कुठं दिलास?"

आमचा मोठा सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. हा धाकटा, मांडवातच पडून आहे. एकेकानं पुरावे काढले. नळाचा कोंडाळा कुठल्या अंगाला होता, चुरमुऱ्यावाल्याचं दुकान कोपऱ्याच्या अलीकडं की पलीकडं, काकूंचे माग सहा की सुरुवातीला पाचच. गल्लीत अजून राहणारे दोघं बाजूला तंबाखू मळत बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. जे राहतात त्यांना कुठं आठवायचं असतं.

माझी आजी असती तर तिनं एका वाक्यात निकाल दिला असता. 1948 पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव 1947 पर्यंत इंग्रजांचं. त्यामुळं ती मरेपर्यंत गणपत गल्लीत वांगी आणायला निघाली तरी "बेळगावात जाऊन येतो" म्हणायची, परगावी निघाल्यासारखी. "मी उंबरा सोडला न्हाई," म्हणायची, "खरं सांगली झाली, मुंबई झाली, म्हैसूर झालं, कर्नाटक झालं. साडी तीच नेसतो." भाजी मात्र ती खासबागच्या रविवारच्या बाजारात कानडीतच घासाघीस करून आणायची. मराठीत भाव कमी होत नाही, असं तिचं ठाम मत.

भांडणाचा आवाज इतका चढला की मांडववाला पोरगा धावत आला, मारामारी लागली म्हणून. आम्ही नुसते बोलत होतो.

मग पंगत बसली आणि मला ते दिसलं. भोसरीचे मामा या टोकाला, इचलकरंजीवाला त्या टोकाला, मध्ये वाढपी, गलका. आणि दोघं ओठांनी बोलत होते. आवाज नाही, घाई नाही. एकानं काही विचारलं, दुसऱ्यानं मान हलवली, दोन बोटं दाखवली, दोघंही हसले. बहुधा दोन नातवंडं. नाहीतर दोन स्टेंट. माझ्या शेजारी बसलेल्या सुनेनं हळूच विचारलं, "ते जप करताहेत का?" मी हो म्हटलं. समजावून सांगायला मला मधला आवाज लागला असता.

आमचे माग लॉकडाउननंतर गेले. साड्यांचे गठ्ठे घरातच पडून राहिले, सावकार फोन उचलेना. शेवटी भंगारवाल्यानं माग सुटे करून काट्यावर किलोनं घातले. दोन दिवसांत घर एवढं मोठं झालं की आईला त्यात भीती वाटायला लागली. आणि त्या शांततेत आम्हाला एक गोष्ट कळली, अण्णांना, माझ्या वडिलांना, ऐकू येत नाही. समोर बसून बोललं की सगळं कळायचं, पाठीमागून हाक मारली की नाही. डॉक्टरांनी कानावर हेडफोन चढवून तपासलं आणि म्हणाले, हे आताचं नाही, वीस-पंचवीस वर्षांचं असणार.

मी रिक्षात बसून वर्षं मोजत आले. पी.यू.सी., म्हणजे बारावी झाल्यावर, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, मी अण्णांच्या पाठीमागं उभी राहिले होते. समोर जायचा धीर नव्हता. ते सुताची तुटलेली तार सांधत होते, बाकीचे तीन माग चालू होते. मी म्हटलं, मला बी.कॉम.ला जायचंय. ते वळले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं. त्यांनी तार सांधली, माग सुरू केला. नाही म्हणायची ही त्यांची रीत, असं मी समजले आणि परत विचारलं नाही. वर्षभरानं टिळकवाडीचं स्थळ आलं.

परवा करंट साडेतीनला आला. पंखा फिरायला लागला, पण झोप गेली ती गेलीच. उठून सरळ माहेरी गेले. अण्णा सोप्यात बसले होते, जिथं पूर्वी सुताच्या पेट्या असायच्या. मी समोर खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि आवाज न काढता विचारलं, "मी कॉलेजचं म्हटलं होतं तुम्हाला. तेव्हा ऐकलं होतंत का?"

त्यांनी माझ्या ओठांकडं बराच वेळ बघितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चहा? ठेव की! विचारतीस काय!"