आजींना करंट हवा होता

आमच्या अमळनेरात फिजिओथेरपीकडे पेशंट येतो तो ‘शेकायला’. व्यायाम शिकायला म्हणून कुणी येत नाही. पारोळ्याकडच्या खेड्यातला हा मुलगाही आईला मशीन लावायलाच घेऊन आला होता. मृग लागलेला, पावसाचा पत्ता नाही, आणि आपण धूळपेरणी सोडून आलोय हे त्याने खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं.

एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांत आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली केलेल्या सांधेझिजेच्या प्रतवारीतली ही शेवटची, चौथी पायरी. हाडांच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला होता. आजींचं म्हणणं, ते दिवाळीनंतर बघू, आधी श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसू दे. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढतात. ते गहू यंदाही त्यांना स्वतःच दळायचे होते.

“जलमभर वावरमा राबनू, आते आखो कसरत कसाले? माले करंट दे पोरी.”

लुगडं गुडघ्यावर सरकवलं आणि माझा हात मशीनकडे जाता जाता थांबला. दोन्ही गुडघ्यांवर तपकिरी जाळी उमटली होती. एकाच जागी महिनोन्‌महिने शेक घेतला की कातडीवर अशी नक्षी येते. उजव्या वाटीच्या खाली फुटून वाळलेला फोड. वाळूची पोटली तव्यावर तापवून रोज रात्री शेकत होत्या. भाजलं तेव्हा कळलं नाही का, विचारलं, तर “नही व माय.” मधुमेह जुना.

दोन काचनळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. आजींना डोळे मिटायला सांगितले. मांडीवर उत्तरं चोख. वाटीच्या खाली गरम नळी टेकवली तरी “थंडं”.

मग शेक बाद, आणि गुडघ्यावर आयएफटी नावाचा करंटही बाद. आयएफटीत साधारण चार हजार हर्ट्झचे दोन प्रवाह एकमेकांना छेद देतात आणि त्यातून तयार होणाऱ्या मंद स्पंदनांनी दुखणं काही वेळ दबतं. पण करंट किती ठेवायचा हे पेशंटच्या सांगण्यावर ठरतं, आणि इथे तर सांगणारी कातडीच गप्प होती. मुलगा वैतागला. “मशीनच लावणार नसाल तर एवढ्या लांब आणलं कशाला?” त्याचं काही चुकलं नव्हतं. गावोगावी मशीन लावून पैसे घेणारे आम्हीच लोकांना ही सवय लावली आहे.

आजींना पाय सरळ करायला सांगितला. माझ्या हाताने जवळजवळ सरळ होणारा गुडघा त्यांच्या ताकदीने होईना. सांधा सुजून दुखत राहिला की मांडीचा पुढचा स्नायू शरीरच आवरून धरतं; न वापरल्याने तो सुकतो, आणि मग सगळा भार झिजलेल्या हाडावर. मांडीची संवेदना शाबूत होती. पेसमेकर नाही, हे विचारून घेतलं. मग स्नायू आकुंचन पावायला लावणाऱ्या करंटचे पॅड मांडीवर लावले आणि म्हटलं, “आजी, करंट आला की तुम्हीपण गुडघा खाली दाबायचा.” तिसऱ्या-चौथ्या झटक्याला वाटीच्या वरच्या आतल्या बाजूला मासोळीसारखा स्नायू टरारून वर आला. आजी कोपरावर उठून बघत राहिल्या.

“हाऊ मनाच पाय शे का?”

मुलगाही पुढे वाकला. मग पॅड काढले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि नुसतं दाबायला लावलं. पाच आकडे धरायचं, सोडायचं. करंटशिवायही मासोळी हलली, थोडीच.

कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात गुडघेझिजेसाठी टेन्स (दुखणं दबवायला कातडीवरून दिला जाणारा करंट), आयएफटी, अल्ट्रासाउंड, स्नायूंना दिला जाणारा करंट हे सगळं नाकारलं आहे, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून. व्यायाम आणि वजन कमी करणं, याला मात्र त्यांनी पहिलं स्थान दिलं. मला ते पटतं. तरीही ज्याला स्नायू आवळायचा कसा हेच आठवत नाही, त्याच्यासाठी सुरुवातीचे काही दिवस मी करंट वापरते. तो बंद कधी करायचा, हे मात्र आधीच ठरवून.

घरी तीनच गोष्टी दिल्या. गुंडाळी दाबणं, पाय सरळ उचलून धरणं, आणि बाजेखाली विटा लावून उंच केलेल्या बाजेवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं. जमलं की एकेक वीट काढायची. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत निवळायला हवं. काठी जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. वाळूची पोटली बंद, आणि साखरेसाठी डॉक्टरांकडे परत. जात्याचं मात्र मी कबूल केलं नाही. मांडी घालून बसणं त्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

कानबाईनंतर आजी आल्या. दळण सुनेने केलं, त्यांनी खुर्चीत बसून मुठी मोजून दिल्या. एक्स-रे तोच, वाक तोच. “दुखस, पन उठाले जमस,” म्हणाल्या. विटा सगळ्या निघाल्या होत्या. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरचीच ठेवली आहे, आणि मांडीतली ही ताकद तेव्हाही कामाला येईल.

सोबत गल्लीतल्या दोन बायका होत्या. आजींना लावलं तेच मशीन त्यांनाही हवं होतं. मी काचनळ्या काढल्या.