कलम ८ लावून माहिती नाकारली, तरी एमबी मिळाली – माझा अनुभव

आमच्या गल्लीतला सिमेंट रस्ता पहिल्याच पावसात उखडला, तेव्हा ठरवलं की याचं बिल किती निघालंय ते बघायचंच. माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे जोडपत्र अ भरलं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला (एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा) आणि वर्क ऑर्डर, एमबी म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात ती मोजमाप पुस्तिका अन् फायनल बिलाच्या प्रती मागितल्या. पोच घेतली.

२८व्या दिवशी दोन ओळींचं पत्र. माहिती त्रयस्थ पक्षाची (म्हणजे कंत्राटदाराची) आहे, कलम ८(१)(घ) प्रमाणे देता येत नाही. बस्स. खरं सांगतो, कलमाचा आकडा बघूनच हातपाय गळाले, वाटलं कायदाच आडवा आलाय तर आपण काय करणार.

मग रात्री बसून माहिती अधिकार कायदा २००५ नीट वाचला. घ म्हणजे व्यापारी गुपित, ज्याने कंत्राटदाराचं स्पर्धेत नुकसान होईल असं काहीतरी. आता रस्ता किती लांब आणि किती जाड झाला यात कसलं आलंय गुपित, पैसा तर आपला सगळ्यांचा! शिवाय कलम १९(५) म्हणतं की नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची, आपली नाही. आणि कलम १० सांगतं, थोडा भाग देण्यासारखा नसेल तर तेवढा झाका, बाकीचं द्या. हे तिन्ही मुद्दे जोडपत्र ब मध्ये लिहून, २० रुपयांचा स्टॅम्प लावून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील टाकलं.

सुनावणीत अपिलीय अधिकारी मॅडमनी सरळ विचारलं, कंत्राटदाराला कलम ११ ची, म्हणजे त्याचं म्हणणं मागवणारी, नोटीस दिली होती का? नव्हती दिली. नुकसान नेमकं काय होणार? माहिती अधिकारी साहेब गप्प. १५ दिवसांत प्रती द्या असा आदेश झाला, २ रुपये पान.

प्रतींवर कंत्राटदाराचा बँक खाते नंबर आणि पॅन काळ्या मार्करने खोडलेला होता, आणि ते योग्यच आहे, मला ते नकोच होतं. मला हवं होतं ते एमबीच्या पानावर होतं, जाडी सगळीकडे १५० मिमी. उखडलेल्या कडेला मी स्वतः पट्टी लावून मोजलंय, ९५ भरते. पट्टीसकट फोटो, एमबीची प्रत आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या जोडून सोमवारी तक्रार देतोय.