मतपेटी बंद झाली १८ फेब्रुवारीला

सोमवार, ३ मार्च २०२५

९७वा ऑस्कर सोहळा आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाला आणि संपेस्तोवर नऊ वाजून गेले. ‘अनोरा’ला पाच पुरस्कार मिळाले: चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री, मूळ पटकथा आणि संकलन. त्यातले चार एकट्या दिग्दर्शक शॉन बेकरचे. एका रात्रीत ऑस्करच्या चार बाहुल्या याआधी वॉल्ट डिस्नेने नेल्या होत्या, १९५४च्या सोहळ्यात, पण त्या चार वेगवेगळ्या चित्रपटांसाठी. २०२०मध्ये कोरियन ‘पॅरासाइट’च्या वेळी दिग्दर्शक बाँग जून-हो यांच्या हातात चार दिसल्या होत्या खऱ्या, मात्र आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा पुरस्कार तेव्हाच्या नियमानुसार देशाच्या नावावर लागला. त्यामुळे एकाच चित्रपटासाठी चार नेणारा बेकर पहिला. आणि चित्रपटाचा खर्च सुमारे ६० लाख डॉलर! हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे किरकोळच.

सकाळपासून सगळीकडे एकच प्रश्न आहे, ‘द सबस्टन्स’ची नायिका डेमी मूर हरली कशी? गोल्डन ग्लोब तिला, अभिनेत्यांच्या संघटनेचा सॅग पुरस्कारही तिलाच, मग ऑस्कर ‘अनोरा’च्या मायकी मॅडिसनला कसा? यासाठी कॅलेंडर उघडून बसावं. ऑस्करचं अंतिम मतदान ११ ते १८ फेब्रुवारी असं चाललं. ब्रिटनचे बाफ्टा पुरस्कार झाले १६ला, म्हणजे मतपेटी उघडी असताना, आणि तिथे मॅडिसन जिंकली. सॅग झाले २३ला. तोवर मतदान बंद होऊन पाच दिवस लोटले होते. डेमी मूरचं सॅगच्या मंचावरचं भाषण कितीही भिडणारं असलं तरी ते ऐकून मत द्यायला कुणी उरलंच नव्हतं. अभिनेत्याच्या गटात टिमथी शॅलमेचंही तेच. त्याला सॅग मिळाल्यावर एड्रियन ब्रोडीचं काही खरं नाही असं बोललं गेलं, पण ब्रोडी ग्लोब आणि बाफ्टा दोन्ही आधीच घेऊन बसला होता, आणि ऑस्करही त्यालाच गेला. अंदाज बांधताना कोण जिंकलं याच्या आधी कधी जिंकलं ते पाहायला हवं. शिवाय अभिनयाच्या गटांत साधी मोजणी असते, ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजेता. पाच उमेदवारांत मतं सारखी विभागली गेली तर वीस टक्क्यांच्या थोडं वर गेलेलाही जिंकू शकतो. त्यात यंदा ‘आय एम स्टिल हिअर’ची फर्नांडा टोरेसही जोरात होती. मला तरी यात मूरचा अपमान वगैरे काही दिसत नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी मात्र निराळी, आणि ती समजून घेतल्याशिवाय या पुरस्काराबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मतपत्रिकेवर दहा नावं. सदस्य त्यांना पसंतीक्रम देतो, एक ते दहा. आधी फक्त पहिल्या पसंतीचे गठ्ठे लावतात. एखाद्याला निम्म्यापेक्षा जास्त मतं मिळाली तर तिथेच निकाल. नाही मिळाली तर सगळ्यात लहान गठ्ठ्याचा चित्रपट बाद, आणि त्या मतपत्रिका प्रत्येकीवरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांत वाटल्या जातात. असं करत करत कुणीतरी निम्म्याच्या पलीकडे जाईपर्यंत. सदस्यांची चूक कुठे होते, तर एकच नाव लिहून मोकळं होण्यात. तो चित्रपट बाद झाला की ती मतपत्रिका मोजणीतूनच जाते. म्हणून ज्या चित्रपटावर काहींचं जिवापाड प्रेम आणि बाकीच्यांची नाराजी, तो इथे मागे पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर सगळीकडे दिसणारा पुढे सरकतो. ‘एमिलिया पेरेझ’ १३ नामांकनं घेऊन आला होता, इंग्रजीखेरीज इतर भाषेतल्या चित्रपटाला आजवर मिळालेली सर्वाधिक. हाती आले दोन पुरस्कार, सहायक अभिनेत्री झोई सॅल्डाना आणि एक गाणं. निर्मात्यांची संघटनाही याच पद्धतीने मोजणी करते. ८ फेब्रुवारीला त्यांनी ‘अनोरा’ निवडला, त्याच संध्याकाळी दिग्दर्शकांच्या संघटनेनेही बेकरला निवडलं, तेव्हाच चित्र बरंचसं स्पष्ट झालं होतं.

बेकरच्या चार पुरस्कारांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो संकलनाचा. चित्रपटाच्या मध्यावर, अनोराचं श्रीमंत रशियन मुलाशी झालेलं लग्न मोडायला, ब्रुकलिनच्या बंगल्यात तीन माणसं शिरतात तो प्रसंग जवळजवळ अर्धा तास चालतो, जणू घड्याळ लावून, प्रत्यक्षात लागेल तेवढा वेळ घेत. असा प्रसंग कापताना दोन धोके असतात. लांबला तर प्रेक्षक कंटाळतो. भराभर कापला तर मारामारी गमतीची होऊन बसते आणि त्या मुलीची भीती निसटते. बेकर हसू आणि भीती दोन्ही धरून ठेवतो. कुणी दमलंय, कुणाचं नाक फुटलंय, कुणी फोन उचलत नाहीये, हे सगळं आपल्याला एकाच वेळी कळत राहतं. आणि शेवट! गाडीतला प्रसंग संपतो, पडदा काळा होतो, श्रेयनामावली सुरू होते, तिथे संगीत नाही. काचेवरचा बर्फ पुसणाऱ्या वायपरचा आवाज तेवढा चालू राहतो. ती जागा रिकामी सोडण्याचा निर्णय संकलन खोलीतला आहे. घरी पाहताना नावं सुरू झाली म्हणून बंद करू नये.

सूत्रसंचालक कोनन ओब्रायनने पहिल्याच वर्षी काम चोख केलं. ‘द सबस्टन्स’मधल्या डेमी मूरच्या पाठीतून बाहेर येणं, मग राहिलेला बूट शोधायला परत आत घुसणं, ही सुरुवात ज्याने चित्रपट पाहिला नाही त्यालाही कळली. विनोद बोचरे होते, पण समोर बसलेल्याला लाज वाटेल असे नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये जानेवारीत वणवे पेटले, नामांकनंही २३ जानेवारीपर्यंत पुढे ढकलावी लागली. त्या शहरात असा झगमगाट करायचा तर अवघडलेपण येणारच. त्याने अग्निशमन दलाच्या लोकांनाच मंचावर आणलं आणि त्यांच्या तोंडून विनोद वाचून घेतले. सभागृह उभं राहिलं, आणि लगेच हसलंही. भारतातल्या प्रेक्षकांसाठी तो हिंदी बोलला, अडखळत, नाश्ता करत ऑस्कर बघा अशा अर्थाचं. कोणाला ते उथळ वाटलं असेल, मला आवडलं.

वेळेचं गणित मात्र कुणालाच जमत नाही. भाषणाला ४५ सेकंद हा नियम. ब्रोडी बोलला ५ मिनिटं ४० सेकंद. वाद्यवृंद सुरू झाला तर त्याने तो थांबवायला सांगितला. ग्रीअर गार्सनचा १९४३ पासूनचा विक्रम मोडला! कलावंताला बोलू द्यावं हे खरं, पण पाच मिनिटं खाल्ली की ती शेवटी लघुपटवाल्यांच्या, ध्वनीवाल्यांच्या वाट्यातून जातात.

अ‍ॅनिमेशनच्या गटात जिंकलेल्या ‘फ्लो’चा आनंद निराळा. लॅटव्हियाचा पहिला ऑस्कर, आणि चित्रपट बनला ब्लेंडरमध्ये, जे सॉफ्टवेअर कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. एकही संवाद नाही, त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलांना दाखवायला काहीच अडचण नाही. पॉल टेझवेल ‘विकेड’साठी वेशभूषेचा ऑस्कर जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष ठरला. या गटाचं नाव निघालं की कोल्हापूरच्या भानू अथय्या आठवणारच. भारतीयाला मिळालेला पहिला ऑस्कर याच गटातला, १९८३ सालचा, ‘गांधी’साठी.

आंतरराष्ट्रीय चित्रपट ब्राझीलचा, ‘आय एम स्टिल हिअर’. तिकडे कार्निव्हलचा रविवार होता, रस्त्यावरच जल्लोष झाला असणार. इथे मन थोडं खट्टू होतं. या गटात देशाने अधिकृतपणे पाठवलेला एकच चित्रपट चालत होता. पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ कान महोत्सवात ग्रां प्री घेऊन आला होता. भारताने ‘लापता लेडीज’ पाठवला, तो १५ जणांच्या यादीतही आला नाही. फ्रान्सनेही पायलचा चित्रपट विचारात घेतला होता, पण पाठवला ‘एमिलिया पेरेझ’, आणि तो ब्राझीलसमोर हरला. छाया कदमची पार्वती मुंबईतलं घर सोडून रत्नागिरीकडे निघते, तिथून चित्रपटाचा उजेडच बदलतो. तो उजेड मतपत्रिकेपर्यंत पोचलाच नाही.