सार्जंट बॅलंटाइनचं बडोदं

बडोद्याला जाणारे लोक लक्ष्मीविलास बघतात, सयाजीबागेत चक्कर मारतात आणि सयाजीरावांचं कौतुक करत परततात. ज्या चौकशीमुळे सयाजीरावांना गादी मिळाली, तिच्या खुणा शोधायला सहसा कोणी जात नाही. या लेखातली फेरी त्या खुणांची आहे, आणि वाटाड्या म्हणून घेतलाय एक इंग्रज वकील. विल्यम बॅलंटाइन. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटवर, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीवर, विषप्रयोग करवल्याचा आरोप होता; १८७५ मध्ये त्यांचा बचाव करायला तो लंडनहून बडोद्याला आला होता. वकिलीत असणाऱ्यांना ही फेरी जास्त रुचेल, पण बाकीच्यांनाही काही जड जाणार नाही.

आधी माणूस कोण ते. जन्म १८१२ चा, वडील लंडनमध्ये पोलीस मॅजिस्ट्रेट. १८३४ मध्ये बॅरिस्टर झाला आणि फौजदारी कोर्टात अगदी तळापासून सुरुवात केली. १८५६ मध्ये ‘सार्जंट-अ‍ॅट-लॉ’ झाला. ही पोलिसातली सार्जंटकी नव्हे, इंग्लंडमधल्या वरिष्ठ वकिलांची जुनी श्रेणी होती, आणि बॅलंटाइनच्या हयातीतच ती मोडीत निघाली. १८६४ मध्ये आगगाडीतल्या खुनाच्या फ्रान्झ म्युलर खटल्यात तो सरकारी बाजूने होता. १८७१ मध्ये टिचबोर्न वारसाहक्काच्या दाव्यात तोतया म्हणवल्या गेलेल्या दावेदाराच्या बाजूने उभा राहिला. थोडक्यात, उलटतपासणीवर नाव कमावलेला गडी. कायद्याचा गाढा पंडित म्हणून त्याची ख्याती नव्हती. बडोद्याला नेमका असाच माणूस हवा होता, कारण हे प्रकरण कायद्याच्या मुद्द्यांचं नव्हतंच, साक्षीदारांचं होतं.

मुंबईहून रेल्वेने अंतर सुमारे ३९० किलोमीटर. जलद गाडीने पाच तासांच्या आत-बाहेर पोहोचता येतं. स्टेशनला दोन तोंडं आहेत : एक अलकापुरीकडे, दुसरं सयाजीगंजकडे. आपल्याला सयाजीगंजकडे उतरायचंय. विद्यापीठाचा मोठा घुमट लागला की आपण बरोबर वाटेवर आहोत. तिथून फतेहगंज जवळच आहे. हा जुना इंग्रजी छावणीचा भाग. कागदपत्रांत ‘बरोडा कँप’ म्हणतात तो हाच. जुनं सेंट जेम्स चर्च इथेच आहे. मल्हाररावांच्या चौकशीला समजून घ्यायचं तर शहराआधी छावणी पाहावी, कारण १८७५ च्या बडोद्यात दोन सत्ता होत्या आणि त्यांतली जड कुठली हे या भागातून चालताना कळतं. उन्हाचं मात्र बघून निघा. मल्हाररावांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनचं काम २३ फेब्रुवारीला सुरू झालं आणि मार्चअखेर आटपलं. याच दिवसांत इथला पारा चढायला लागतो. सकाळी नवाच्या आत फतेहगंज उरकलेलं बरं.

आता मूळ प्रकरण. रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर आणि मल्हारराव यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. राज्यकारभाराबद्दल एक चौकशी आधीच होऊन गेली होती आणि सुधारायला १८७५ अखेरपर्यंतची मुदत मिळालेली होती. २ नोव्हेंबर १८७४ ला मल्हाररावांनी फेअरची बदली मागणारा खलिता पाठवला. पुढे आठवड्याभरात, ९ नोव्हेंबरला, फेअर सकाळी फिरून आला आणि रोजच्यासारखं टेबलावर ठेवलेलं पपनसाचं सरबत त्याने उचललं. दोन-तीन घोट घेतले, चव वेगळी लागली म्हणून उरलेलं बाहेर फेकलं. पेल्याच्या तळाशी गडद गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने तो तपासला, मग मुंबईच्या रासायनिक परीक्षकाकडे पाठवला. निदान : सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड.

इथे बॅलंटाइनला पहिली फट सापडली. परीक्षकाचा अंतिम निर्वाळा यायच्या आधीच फेअरने लेखी कळवलं होतं की, गुप्त बातमीनुसार विषात तीन वस्तू आहेत : सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबं. पहिल्या दोन निघाल्या, तांबं निघालं नाही. मग बातमी देणाऱ्याला नेमकं काय माहीत होतं आणि कुठून? वकिलांनी हा भाग दोनदा वाचावा. बातमी पूर्ण खरी ठरली असती तर बचावाला हात घालायला जागा उरली नसती. पूर्ण खोटी ठरली असती तर कोणी लक्षच दिलं नसतं. दोन-तृतीयांश खरी निघाली, हीच भानगड.

दुसरी फट पट्ट्यात होती, अक्षरशः. रेसिडेन्सीतल्या पट्टेवाल्यांचा हवालदार रावजी याने कबुली दिली की सरबतात विष त्याने टाकलं, आणि पुड्या तो कमरेच्या पट्ट्यात ठेवायचा. मुंबई पोलिसांनी पट्टा तपासला, त्यात कागदाची पुडी निघाली, पुडीत सोमल. पण घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी ती निघाली होती आणि मधल्या काळात तो पट्टा दुसऱ्या माणसाच्या कमरेला होता. बॅलंटाइनने रोख धरला तो इथे : रोज वापरणाऱ्याला न लागलेली पुडी पोलिसांच्या हाताला पहिल्याच झडतीत कशी लागली? जप्त वस्तू कोणाच्या ताब्यात, कधी, कशी होती याची साखळी आज प्रत्येक फौजदारी वकील तपासतो. दीडशे वर्षांपूर्वी तिला असं नाव नव्हतं, पण युक्तिवाद हाच होता.

तिसरी फट हिशेबवह्यांत. मल्हाररावांचा खासगी कारभारी दामोदरपंत अटकेत राहिल्यावर माफीच्या आश्वासनावर बोलू लागला. हिऱ्यांच्या खरेदीचा धागा ज्या जवाहिऱ्यापर्यंत जात होता, तो हेमचंद फत्तेचंद साक्षीला उभा राहून उलटला : आधीचा जबाब पोलिसांच्या दडपणाखाली दिला, म्हणाला. सरकारी बाजूचा मुख्य दुवाच असा लटका पडला.

आणि हे सगळं दुभाष्यामार्फत! बॅलंटाइनला मराठी, गुजराती, हिंदुस्तानी यांपैकी काही येत नव्हतं. ज्यांनी दुभाष्यातून साक्ष नोंदवली आहे त्यांना ठाऊक असेल की प्रश्नाचा वेग हे उलटतपासणीचं निम्मं शस्त्र असतं आणि दुभाषी ते काढून घेतो. प्रश्नाचा अनुवाद चाललेला असताना साक्षीदार उत्तर जुळवून ठेवतो. यावर इलाज एकच : एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची, ‘आणि’, ‘पण’, ‘नाही का’ टाळायचं, आणि नकारार्थी प्रश्न तर चुकूनही करायचा नाही. ‘तू तिथे नव्हतास ना?’ याला मराठी माणूस ‘हो’ म्हणाला, तर तो होता की नव्हता, याचा निकाल लागत नाही. कारवाईची छापील नोंद वाचताना प्रश्न-उत्तरांच्या लांबीकडे लक्ष द्या, बरंच शिकायला मिळतं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकतो. भारतीय पुरावा कायदा तेव्हा तीनच वर्षांचा होता, १८७२ चा. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, हे कलम २५. गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देणं बेकायदा नाही, हे कलम १३३. पण दुजोरा नसेल तर अशा साक्षीवर विश्वास ठेवू नये, असं गृहीत धरायला कलम ११४ चा दाखला सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात पोलिसांपुढच्या कबुलीचा मुद्दा कलम २३ मध्ये आणि साथीदाराचा कलम १३८ मध्ये आलाय, आणि दुजोऱ्याची अट आता खुद्द कलमातच घातली आहे. रावजी काय, दामोदरपंत काय, सगळे साथीदारच. मात्र बडोद्यात बसलं होतं ते न्यायालय नव्हतं, कमिशन होतं. त्याने फक्त मत द्यायचं, निकाल सरकारने.

कमिशनवर सहा जण. कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, शिवाय मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी. हिंदी सदस्य ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. मतं सरळ दुभंगली : तिघा इंग्रजांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी सदस्यांच्या मते आरोप शाबीत झाला नव्हता. ज्या वकिलाने प्रतिकूल हवेत, परक्या भाषेत, लष्करी पहाऱ्यातल्या अशिलासाठी तीन-तीन आणलं, त्याने आपलं काम चोख केलं असं माझं मत आहे. अशिलाला त्याचा उपयोग शून्य. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. २७ मे १८७५ ला कवळाण्याच्या बारा वर्षांच्या मुलाचं दत्तविधान झालं, ते सयाजीराव. पुरावा कितीही फोडला, तरी निर्णय ज्या कारणावर होणार ते कारणच सुनावणीपुढे नसेल, तर वकील काय करणार?

छावणीतून आता शहरात. रिक्षाने सूरसागर तलावापाशी उतरा; समोर न्यायमंदिर. नाव ऐकून बरेच जण समजतात की मल्हाररावांची चौकशी इथेच झाली. इमारत १८९६ ची आहे, म्हणजे तब्बल एकवीस वर्षांनंतरची. सयाजीरावांनी पहिल्या पत्नी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ ती बांधली, मूळ बेत भाजी मंडईचा होता आणि पुढे तिथे न्यायालय भरलं. बायझंटाइन धाटणीचं काम आहे. २०१८ मध्ये न्यायालय दिवाळीपुऱ्यातल्या नव्या संकुलात गेलं, त्यामुळे काळे कोट बघायचे तर तिकडे जावं लागतं. खुल्या सुनावणीला कोणीही बसू शकतं. ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइल बंद करा, न्यायाधीशांकडे पाठ करून गप्पा मारू नका. उन्हाळ्यात वकील कोटाविना दिसले तर नवल वाटू देऊ नका : बार कौन्सिलच्या नियमांत उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही.

मल्हाररावांशी जोडला गेलेला नजरबाग राजवाडा शोधत मांडवीत फिरू नका, तो पाडलेला आहे. त्या काळची मराठी घराची बांधणी बघायची असेल तर तांबेकर वाडा बघा. दिवाण भाऊ तांबेकरांचं घर, लाकडी काम, आत भित्तिचित्रं, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. आत अंधार असतो आणि चित्रं भिंतीला नाक लावल्याशिवाय उलगडत नाहीत. घाईत असाल तर नाही गेलात तरी चालेल. दुपारी दांडिया बाजारच्या बाजूला सेव-उसळ खा. तर्री वेगळी मिळते, ती आधी चाखून मग ओता.

परतीच्या वाटेवर सयाजीबागेत संकल्पभूमी आहे. अमेरिका-लंडनहून शिकून आलेल्या आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत असताना शहरात राहायला जागा मिळेना, ती ही आठवण. बॅरिस्टर ते पुढे झाले. एक वकील बडोद्यात दहा हजार पौंडांच्या घरातली फी घेऊन आला, तेव्हाचे लाखभर रुपये. दुसऱ्याला वकील होण्याआधी इथून निघून जावं लागलं.

बॅलंटाइनची फी त्या काळी गाजली. पैसा टिकला मात्र नाही. नाटक मंडळी, लेखक, रात्रीच्या मैफली यांत रमणारा माणूस. हाताला आलेलं खर्चून टाकणारा. १८८२ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं, अमेरिकेत व्याख्यानं देऊन पाहिली, आणि १८८७ च्या जानेवारीत मार्गेटला कफल्लक अवस्थेत वारला. मल्हारराव त्याच्या आधीच, १८८२ मध्ये, मद्रासला वारले.

वेळ असेल तर पादरा गाठा, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. भाऊ आणि तेव्हाचे महाराज खंडेराव यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून मल्हाररावांना १८६३ पासून खंडेरावांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७० पर्यंत, इथे कैदेत ठेवलं होतं. बघायला विशेष काही नाही. भाजी मात्र ताजी मिळते.

कागद बघायचे असतील तर कोठी कचेरीच्या आवारात गुजरात अभिलेखागाराचं दक्षिण वर्तुळाचं दफ्तर आहे. ओळखपत्र, संस्थेचं किंवा विद्यापीठाचं पत्र आणि हव्या असलेल्या वर्षांची यादी बरोबर न्या. नुसतं ‘मल्हाररावांचं काहीतरी दाखवा’ म्हटलं तर हात हलवत परत याल. संस्थानी दफ्तरात मोडी भरपूर, तेव्हा वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत हवा. चौकशीची छापील इंग्रजी नोंद घरबसल्या आंतरजालावर मिळते, पण शोधताना आजच्या ‘गायकवाड’ स्पेलिंगवर अडून बसू नका. तेव्हाचे लोक ‘गायकवार’, ‘गिकोवार’ असं लिहीत आणि मल्हाररावातल्या ‘म’ला कधी ‘मु’ करत. सगळ्या तऱ्हा टाकून बघा. आणि दफ्तर सरकारी आहे, म्हणून बेत शनिवार-रविवारचा आखू नका; गुरुवारी सकाळी पोहोचलात तर दोन दिवस हाती लागतात.