हर्णैपासून मागे फिरलेले विमान

आज मुंबईहून चिपीला जाताना हर्णैचा सुवर्णदुर्ग खिडकीतून नुकताच मागे पडला होता, तेवढ्यात एका इंजिनातील तेलाचा दाब कमी झाल्याचा इशारा मिळाल्यामुळे आपण मुंबईला परतत आहोत, असे कॅप्टनने शांतपणे सांगितले. शेजारी बसलेल्या देवगडच्या आजींनी माझा हात घट्ट धरला. “खाली दर्याच आसा मां रे?”

मी त्यांना सांगितले की, दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावरही उडू आणि उतरू शकते, आणि याची खात्री पटल्याशिवाय त्याला परवानगीच मिळत नाही. अशा वेळी वैमानिक आधी विमान स्थिर ठेवतात, मग इशाऱ्याचा दिवा आणि दाबमापक एकच गोष्ट सांगत आहेत का हे पडताळतात, कारण कधी कधी बिघाड इंजिनात नसून सेन्सरमध्ये असतो. दोन्ही जुळले, तर वंगणाअभावी बेअरिंग निकामी होण्यापूर्वी ते इंजिन ठरलेल्या क्रमाने बंद करतात.

विमान सुखरूप उतरले. गावी पोहोचायला उशीर होणार म्हणून काही प्रवासी नाराज झाले, आणि ते स्वाभाविकही होते. मला मात्र हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो, कारण तिथून चिपीपेक्षा मुंबई जवळ होती आणि दुरुस्तीची सोयही तिथेच होती.